चिमुकल्याला जत्रेतली जनावरं दाखवायला नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात नुकतंच चालायला लागलेलं मूल असलं आणि जत्रेचा विषय निघाला, की कुणीतरी म्हणतंच, "चला, पोराला गाई-बकऱ्या दाखवून आणू." बेत चांगलाच आहे. फक्त दोन वर्षांच्या मुलाची जत्रा वेगळी आणि मोठ्यांची वेगळी, आणि बहुतेक रडारड होते ती मोठ्यांच्या जत्रेत मुलाला ओढत नेल्यामुळे. खालचे प्रश्न साधारण एक ते तीन वर्षांच्या मुलांचे आई-बाबा आणि आजी-आजोबा विचारतात ते आहेत. हात धुण्याबद्दलची उत्तरं लांबली आहेत. ती तशीच ठेवली आहेत, कारण बाकी सगळं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं, तेवढं मात्र चालत नाही.

मूल किती मोठं झाल्यावर न्यावं?

कडेवर घेऊन लांबून बघायला वयाची अट नाही. पण सहा महिन्यांच्या बाळाला नेण्यात हौस मोठ्यांचीच जास्त असते, हे आपलं आपण कबूल केलेलं बरं. खरी गंमत साधारण दीड वर्षाच्या पुढे. तोवर मूल बोट दाखवायला, आवाजाची नक्कल करायला आणि आपण जिकडे बघतो तिकडे बघायला शिकलेलं असतं. "हात लावू नको" हे ऐकून खरोखर हात मागे घेणं त्याहून बरंच उशिरा येतं. दोन वर्षांच्या मुलाने एकदा ऐकलं म्हणजे पुढच्या खेपेला ऐकेलच असं नाही. म्हणून त्या वयात सूचनेवर विसंबायचं नाही, आपला हात त्याच्या हाताजवळ ठेवायचा.

किती वेळ काढून जावं? सगळं बघून होईल का?

सगळं बघून होणार नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. जनावरांपाशी पाऊण तास, त्यापुढे हात धुणं, खाणं आणि परतीची वाट. एवढं पुष्कळ झालं. एका गायीपाशी मूल वीस मिनिटं उभं राहिलं तर राहू द्या. "चल, अजून घोडे बघायचेत" म्हणून त्याला तिथून उचलणं म्हणजे हातात आलेलं सोडून देणं. मोठ्या भावंडांना पाळण्यात बसायचं असेल, दुकानं फिरायची असतील, तर घरातल्यांनी दोन गट करावेत. एकाच गटाने सगळ्यांची हौस भागवायची म्हटलं की सगळ्यात धाकट्याचीच परवड होते.

दिवसातली कोणती वेळ चांगली?

सकाळची, उघडल्या उघडल्या. गर्दी कमी असते, ऊन चढलेलं नसतं, कर्णे अजून सुरू झालेले नसतात. गोठे नुकतेच झाडलेले असतात आणि जनावरं चाऱ्याला लागलेली असतात, त्यामुळे ती जागी आणि शांत दिसतात. दुपारच्या उकाड्यात बरीचशी नुसती पडून राहतात. मुलाच्या झोपेची वेळ मात्र घड्याळापेक्षा महत्त्वाची. झोपेच्या आधीचा तास जत्रेसाठी सगळ्यात वाईट, झोपून उठल्यानंतरचा सगळ्यात चांगला.

कपडे कोणते घालावेत?

पायात बंद बूट. चप्पल किंवा सँडलमधून शेण थेट बोटांत जातं. गळ्याशी लोंबणारी नाडी, ओढणी, माळ, केसांतली मोठी फुलं नकोत, कारण बकरीला समोर लोंबणारी प्रत्येक गोष्ट चघळून बघायची असते. कपड्यांचा एक जादा जोड आणि मळके कपडे ठेवायला पिशवी हवीच. बाकी सामान जितकं कमी, तितके आपले हात मोकळे.

बाबागाडी न्यावी का?

जत्रेपर्यंत न्या, गोठ्यात नेऊ नका. चाकांना लागलेलं शेण आणि माती घरभर फिरते, आणि गाडीत बसलेलं मूल हात खाली सोडून तीच चाकं धरतं. शिवाय गाडीत बसल्यावर त्याचं तोंड नेमकं बकरीच्या तोंडासमोर येतं. एकाने गाडीपाशी थांबावं, दुसऱ्याने मुलाला आत न्यावं. एकटेच असाल तर पाठीवर किंवा पोटाशी बांधायची झोळी बरी.

चित्रातली गाय बघून खिदळणारं मूल खरी गाय बघून किंचाळायला लागलं. असं का?

कारण चित्रातली गाय बोटाएवढी असते. तिला वास नसतो, ती शेपटी झाडत नाही आणि फुरफुरत नाही. दोन वर्षांच्या मुलाची उंची साधारण पंच्याऐंशी सेंटिमीटर. मोठ्या गायीची पाठ त्याच्या डोक्याच्या बरीच वर असते आणि वजन सहज चारशे-पाचशे किलोच्या घरात. त्याच्या डोळ्यांसमोर गायीचा चेहरा येतच नाही. येतात ते पाय, पोट आणि अंगावर धावून येईलसं वाटणारं ओलं नाक. त्यात ती अचानक हंबरली तर दचकायला होणारच. दोन-तीन वर्षांच्या वयात मोठे आवाज आणि मोठी जनावरं यांची भीती वाटणं अगदी नेहमीचं आहे. ते लाजाळूपणाचं लक्षण नाही आणि भित्रेपणाचंही नाही. "घाबरट कुठला!" हे वाक्य त्या दिवसापुरतं तरी घरी ठेवून या.

मग त्याला जवळ कसं न्यायचं?

न्यायचं नाही. त्याला स्वतःहून यायचं असेल तितकंच येऊ द्यायचं. कडेवर घ्या म्हणजे त्याची नजर जनावराच्या नजरेच्या पातळीला येईल. आधी दहा-बारा पावलांवरून बघा. बसलेलं, रवंथ करणारं जनावर निवडा, उभं राहून दावं ओढणारं नको. आपण स्वतः निवांत उभे राहा आणि मुलाशी नेहमीच्या आवाजात बोला.

हा शेवटचा मुद्दा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. साधारण वर्षाची मुलं बुचकळ्यात पडली की आधी आईच्या चेहऱ्याकडे बघतात आणि तिथे जे दिसेल त्यावरून ठरवतात. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात वर्षभराच्या बाळांना काचेच्या अशा पृष्ठभागावरून रांगायला सोडलं होतं की खाली खड्डा असल्यासारखं दिसावं. पलीकडे उभी असलेली आई हसरी असेल तेव्हा बहुतेक बाळं पार गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा एकही गेलं नाही. गोठ्यातही तेच घडतं. "अगं बाई, शिंगं बघ!" असं आपण ओरडलो की मुलाचा निकाल लागला. आणि तोंडाने "काही नाही होत" म्हणत आपणच दोन पावलं मागे सरकत असलो, तर मूल आपल्या पायांवर विश्वास ठेवतं, तोंडावर नाही. घरात ज्याला जनावरांची भीती वाटत नाही त्याने मुलाला घ्यावं. बहुतेक घरांत ते आजोबा असतात.

आमची मुलगी घोडा, बकरी, वासरू सगळ्यांना "भूभू" म्हणते. दुरुस्त करावं का?

काळजीचं काही नाही. एक ते अडीच वर्षांच्या दरम्यान मुलं हाताशी असलेला एकच शब्द ताणून बऱ्याच गोष्टींना लावतात. गंमत म्हणजे बोलण्यात गल्लत करणारं तेच मूल "घोडा कुठाय?" विचारल्यावर पुष्कळदा बरोबर घोड्याकडे बोट दाखवतं. म्हणजे फरक कळलेला असतो, शब्द तेवढा आलेला नसतो. "नाही, भूभू नाही" असं खोडण्यापेक्षा "हो, चार पाय आहेत ना? हा घोडा. घोडा खिंकाळतो" असं म्हणून पुढे जावं. शब्द मागाहून येतो. कधी आठवड्याने आंघोळ घालताना अचानक.

नेमकं दाखवायचं तरी काय? गाय बघितली, आता पुढे काय?

पुढे काही नाही, गायच बघायची. फक्त नीट.

रवंथ करणारी गाय सापडली की तिच्या मानेकडे लक्ष द्या. जबडा फिरत असतो, एका बाजूने, सावकाश. मग ती थांबते, गिळते, आणि क्षणभर काहीच होत नाही. एवढ्यात मानेच्या खालच्या बाजूने एक गोळा सरसर वर चढताना कातडीखालून स्पष्ट दिसतो. तो तोंडात पोचला की जबडा पुन्हा फिरायला लागतो. पोटातलं गवत परत चघळायला वर आलेलं असतं. गाय दिवसातले सहा ते आठ तास यातच घालवते, त्यामुळे हा खेळ दिसला नाही असं सहसा होत नाही. तो गोळा एकदा दिसला की मूल पुढच्या गोळ्याची वाट बघत उभं राहतं. मोठी माणसंही राहतात. जांभई देताना किंवा चारा ओढताना तोंड उघडलं तर बघा: गायीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, नुसती टणक हिरडी असते. बकरी-मेंढीचंही तसंच. घोड्याला मात्र वर-खाली दोन्हीकडे पुढचे दात असतात, म्हणून त्याचा चावा जबर.

बकरीचे डोळे बघा. बाहुली गोल नसते, आडवी पट्टी असते. मान खाली घालून चरतानाही डोळा खोबणीत फिरतो आणि पट्टी जमिनीला समांतरच राहते, म्हणजे चरता चरता आजूबाजूने कोण येतंय ते दिसत राहतं. मेंढीच्या लोकरीत बोटं खुपसायची संधी मिळाली तर बोटांना मऊ तेलकटपणा लागतो. ते लोकरीतलं लॅनोलिन, जे मलमांतही वापरतात. वासराने हात चाटला तर जीभ पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागते, आणि यावर मुलाचं हसू ठरलेलं असतं. डुक्कर चिखलात लोळताना दिसलं तर "घाण" म्हणून नाक मुरडू नका. त्याला धड घाम येत नाही, चिखल हाच त्याचा गारवा.

अंडी उबवायची पेटी ठेवली असेल तर तिथे थांबा. कोंबडीच्या अंड्यातून एकविसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लू बाहेर येतं. बदकाला साधारण अठ्ठावीस दिवस लागतात. पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक बारीकसा टोकदार उंचवटा असतो, त्याने ते कवचाला पहिलं भोक पाडतं आणि पुढे काही दिवसांत तो गळून पडतो. भोक पाडल्यापासून बाहेर पडेपर्यंत कधी कधी दिवसही जातो. तेव्हा "आता येईल हं" असं आश्वासन मुलाला देऊ नका.

हात लावू द्यायचा की नाही?

सगळ्यांना नाही. धष्टपुष्ट, शांत, सवय असलेली मेंढी किंवा बकरी, तिला धरणारा माणूस शेजारी आणि आपण मुलाच्या पाठीशी: एवढं जमत असेल तर द्या. डोक्यावरून किंवा तोंडाकडून नाही, मानेच्या किंवा खांद्याच्या बाजूने. आपला हात मुलाच्या हातावर ठेवून, केसांच्या दिशेने.

पिल्लू शेजारी असलेली कुठलीही आई टाळा, मग ती एरवी कितीही गरीब असो. एडका आणि बोकड टक्कर मारतात. हंस आणि कोंबडा चोच मारतात, आणि त्यांची चोच मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर असते. घोडा आणि गाढवाच्या मागून कधीही जाऊ नका. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त अगदी मागचं आणि अगदी नाकासमोरचं दिसत नाही. जे दिसत नाही त्याला तो लाथ मारतो. सशाला मुलाच्या हातात देऊ नये. उचललं की ससे धडपडतात, त्यात मुलाला ओरखडे येतात आणि सशाचा पाठीचा कणा दुखावू शकतो.

चारा भरवू द्यावा का?

जत्रावाल्यांनी दिलेला चारा असेल आणि ते हो म्हणत असतील तरच. तळहात सपाट, बोटं चिकटलेली, अंगठा आत. दोन वर्षांच्या मुलाला ते जमत नाही, म्हणून तळहात आपला आणि चारा ठेवायचं काम त्याचं. आपल्या डब्यातली पोळी, बिस्किटं, फळांच्या साली देऊ नका. रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट एकदम जास्त पीठ-धान्य गेलं की बिघडतं, आणि दिवसभरात "एवढंसं" देणारे शेकडो जण येऊन जातात.

हात धुण्याचा एवढा बाऊ कशाला? आम्ही तर शेणात खेळूनच मोठे झालो.

रोज त्याच गोठ्यात वाढलेलं मूल आणि वर्षातून एकदा वेगवेगळ्या कळपांतून आणलेल्या जनावरांत गेलेलं मूल यांची तुलना होत नाही. शिवाय तेव्हा कोण आजारी पडलं आणि कशाने, याची नोंद कुणी ठेवली होती?

गायी-म्हशी, मेंढ्या, बकऱ्या यांच्या आतड्यांत ई. कोलाय ओ-१५७ नावाचा जंतू असू शकतो. त्या जनावरांना त्याचं काहीही होत नाही, ती ठणठणीत दिसतात. माणसाच्या पोटात तो थोडासा गेला तरी पुरतो. २००४ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या जत्रेत जनावरांना हात लावायच्या विभागातून १०८ जणांना याची बाधा झाली, आणि त्यात लहान मुलं पुष्कळ होती. मागाहून झालेल्या तपासात आजाराशी जोडलेल्या गोष्टी कोणत्या निघाल्या? शेणाशी आलेला संबंध आणि मुलांचा हात तोंडात जाणं. पाच वर्षांखालच्या मुलांना धोका जास्त, हे सगळ्या आरोग्ययंत्रणा सांगतात. त्यांची प्रतिकारशक्ती अजून तयार होत असते, आणि त्यांचा हात मिनिटा-मिनिटाला तोंडात जातो.

म्हणून धुवायचं असं: वाहतं पाणी, साबण, वीस सेकंद चोळणं, बोटांच्या बेचक्या आणि नखं. मुलाचे हात आपण धुवायचे, त्याच्यावर सोपवायचं नाही. नंतर आपले. जनावरांच्या विभागातून बाहेर पडताक्षणी, बूट काढल्यानंतर, खाण्याआधी. जनावराला हात लावला नसेल तरीही, कारण कुंपणाचे बांबू आणि फळ्या मुलाने धरलेल्याच असतात. आत शिरण्याआधीच नळ कुठे आहे ते बघून ठेवा. नळ नाही, साबण नाही, असं दिसलं तर त्या दिवशी फक्त लांबून बघा. साबणाची छोटी वडी आणि पाण्याची मोठी बाटली पिशवीत असली तर कुणावर अवलंबून राहावं लागत नाही.

सॅनिटायझर नाही का चालत?

नळ मिळेपर्यंतचा आधार म्हणून ठीक. साबण-पाण्याऐवजी नाही. हात मळलेले असले की त्याचा प्रभाव घटतो, आणि वासरा-कोकरांकडून येणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीवर अल्कोहोलचं सॅनिटायझर चालत नाही. वर सांगितलेल्या जत्रेच्या तपासातही सॅनिटायझर वापरल्याने बचाव झाल्याचं दिसलं नाही. ओल्या रुमालांचंही तेच. त्यांनी मळ निघतो, जंतू जातातच असं नाही.

दुधाची बाटली, चोखणी, खाऊ आत नेला तर?

नको. बाटली एकदा तरी खाली पडते आणि आपण ती फडक्याने पुसून परत देतो, इतकं हे ठरलेलं आहे. पोटभर खाऊ घालून आत जा, आणि बाहेर आल्यावर हात धुऊन पुन्हा द्या. लाडकं मऊ खेळणं सोडवत नसेल तर गाडीत झोपवून या. तिथेच काढलेलं ताजं, न तापवलेलं दूध कुणी प्रेमाने पुढे केलं तरी मुलाला देऊ नका.

कोंबडीची पिल्लं तरी हातात घेऊ देत? ती किती गोजिरवाणी असतात!

असतात, आणि अडचण तीच आहे. गोजिरवाणी म्हणून मूल त्यांची पापी घेतं. कोंबडीच्या आणि बदकाच्या पिल्लांच्या अंगावर साल्मोनेला नावाचा, पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांनी त्यांना हाताळू नये असा सल्ला दिला जातो. पिल्लू आपल्या तळहातावर, मुलाचे हात पाठीमागे, आणि बघायचं डोळ्यांनी.

डुकरांच्या गोठ्याबद्दलही थोडी सावधगिरी हवी. २०१२ साली अमेरिकेत डुकरांमधून माणसांत आलेल्या एका फ्लूचे ३०९ रुग्ण सापडले. त्यांतली बहुतेक मुलं होती आणि बहुतेकांचा संबंध जत्रांमधल्या डुकरांशी आला होता. तेव्हापासून पाच वर्षांखालच्या मुलांना जत्रेतल्या डुकरांच्या गोठ्यात नेऊ नये असं तिथली आरोग्ययंत्रणा सांगते. माझ्या मते हा सल्ला कुठेही पाळण्यासारखा आहे. एवीतेवी डुक्कर जवळ किंचाळलं की आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, आणि तो लहान कानांना सोसत नाही.

मी गरोदर आहे. सोबत जाऊ का?

जा, पण विणाऱ्या किंवा नुकत्याच व्यालेल्या मेंढ्या-बकऱ्यांपासून आणि कोकरांपासून लांब राहा. त्यांच्याकडून येणारे काही संसर्ग गर्भाला घातक ठरू शकतात. मेंढ्यांच्या भागात मुलाला दुसऱ्या कुणी न्यावं, आणि त्याचे मळके कपडे-बूट तुम्ही हाताळू नयेत.

मुलाला दमा आहे. चालेल?

डॉक्टरांना विचारून. पंप जवळ ठेवा, बंदिस्त शेडऐवजी उघड्यावर बांधलेली जनावरं बघा, आणि सुक्या गवताचे भारे उचल-टाक चालू असेल तिथून निघा. त्रास बऱ्याचदा जनावरापेक्षा त्या धुळीचा असतो.

चावलं किंवा ओरखडलं तर?

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने लगेच धुवा. कातडी फाटली असेल तर पंधरा मिनिटं धुवत राहा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. धनुर्वाताची लस झाली आहे का आणि रेबीजची लस लागेल का, हे ते ठरवतील. हळद, चुना, राख असलं काही जखमेत भरू नका. कोणतं जनावर होतं आणि कुणाचं, ते विचारून ठेवा.

घोड्यावर बसवून फोटो काढावा का?

दोन वर्षांच्या मुलाला? नको. त्याच्या मापाचं शिरस्त्राण मिळत नाही, पाय रिकिबीपर्यंत पोचत नाहीत, आणि फोटोतला चेहरा हमखास रडका येतो. चांगला फोटो हवा असेल तर आपण गुडघ्यांवर बसा, कॅमेरा मुलाच्या उंचीवर आणा, फ्लॅश बंद करा. फुगाही हातात नको. तो फुटला की सगळा गोठा उधळतो.

गर्दीत हरवलं तर?

निघताना त्याचा त्याच कपड्यांतला फोटो काढा, म्हणजे वर्णन करताना अडखळायला होणार नाही. खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. आणि "मी याच्याकडे बघतोय" हे एका वेळी एकानेच म्हणायचं आणि स्पष्ट म्हणायचं. चार मोठी माणसं सोबत असली की मूल हरवायची शक्यता वाढते, कारण प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय.

जनावरं नीट ठेवली आहेत की नाही, कसं ओळखायचं?

पुढ्यात स्वच्छ पाणी, डोक्यावर सावली, खाली कोरडी जागा. माणसांना कंटाळल्यावर जनावराला मागे सरकायला जागा आहे का, हे सगळ्यात आधी बघा. धापा टाकणाऱ्या मेंढ्या, चोच उघडी टाकून बसलेल्या कोंबड्या, एकाच जागी डोकं हलवत राहिलेला घोडा दिसला तर तिथे गर्दी वाढवू नका आणि राखणदाराला सांगा. मूल कुठल्या जनावराची शेपटी ओढत असेल तर "बघा, कसं सहन करतंय" म्हणून कौतुक करणारे लोक मला समजत नाहीत.

मोठी मुलगी विचारते, "जत्रा संपल्यावर ही कुठे जातात?"

बहुतेक आपापल्या घरी, काही विकली जातात, काही कापली जातात. चार-पाच वर्षांच्या मुलाने विचारलं तर विचारलं तेवढंच, खरं आणि थोडक्यात सांगा. "शेतावर खेळायला जातात" हे उत्तर फार दिवस टिकत नाही.

इतकं करून नेलं, आणि पोरगा तासभर नळाखालच्या बादलीशीच खेळला!

मग जत्रा छान झाली. त्याच्यासाठी गाय नवीन, बादली नवीन, बादलीत पडणारं पाणी आणि त्यात तरंगणारी गवताची काडीही नवीन. घरी गेल्यावर "गाय बघितली ना रे? कशी करते गाय?" अशी परीक्षा घेऊ नका. त्याने काय पाहिलं ते पुढच्या काही दिवसांत त्याच्या खेळातून कळेलच. बादलीतलं पाणी मात्र तोंडात जाऊ देऊ नका. ते जनावरांचं असतं.

घरी आल्यावर काय करायचं?

बूट दाराबाहेर, कपडे थेट धुवायला, मुलाला आंघोळ. बुटांचे तळ घासून धुवा. ते काम मुलाच्या मदतीशिवाय करा.

चार दिवसांनी जुलाब सुरू झाले. जत्रेमुळेच असतील का?

असू शकतात. ई. कोलाय ओ-१५७ ची लक्षणं बहुतेकदा तीन-चार दिवसांनी दिसतात, पण एक ते दहा दिवसांत कधीही दिसू शकतात. क्रिप्टोस्पोरिडियमला साधारण आठवडा लागतो. त्यामुळे "जाऊन इतके दिवस झाले, त्याचा काय संबंध" असं म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना जत्रेत गेल्याचं, कुठली जनावरं हाताळली त्याचं आणि तारखेचं आपणहून सांगा. नाहीतर शौचाची योग्य ती तपासणी करायचं कुणाच्या डोक्यात येणार नाही.

शौचात रक्त दिसलं, पोटात कळा येऊन मूल कळवळत असलं, पाणी पोटात ठरत नसलं, तर त्याच दिवशी जा. जुलाब थांबवायचं औषध किंवा घरात उरलेलं अँटिबायोटिक मनाने देऊ नका. या जंतूच्या बाबतीत त्यांनी नुकसान होऊ शकतं. जुलाब कमी झाल्यावरही आठवडाभर लक्ष ठेवा. लघवी कमी होणं, चेहरा पांढराफटक पडणं, चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज, विलक्षण मरगळ, यांतलं काहीही दिसलं तर रात्र असो वा पहाट, थेट दवाखाना गाठा. बाधा झालेल्यांपैकी साधारण पाच ते दहा टक्क्यांत मूत्रपिंडांवर परिणाम होतो, तो पुष्कळदा जुलाब सुरू झाल्यावर आठवड्याच्या आसपास, म्हणजे मूल बरं होतंय असं वाटत असतानाच. त्या दिवसांत मुलाला पाळणाघरात पाठवू नका, आणि लंगोट बदलल्यावर आपले हातही साबणाने तितकेच नीट धुवा. हा जंतू एका मुलाकडून दुसऱ्याकडे सहज जातो.